न झोडलेली मोळी

वांगी भाजायला कपाशीच्या काड्याच लागतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, सरळ उठून जातो. पण काड्या नुसत्या आणल्या आणि पेटवल्या असंही चालत नाही. शेतातून उपटलेल्या काडीवर दोन-चार वाळकी बोंडं राहिलेली असतात, आणि त्यांत वेचणाऱ्या बायांनी सोडून दिलेला कवडीचा, म्हणजे हलका, डागी कापूस असतो. तो पेटला की काडीवर थांबत नाही, उडतो. म्हणून मोळी आधी जमिनीवर चांगली झोडायची, बोंडं गाळायची, मग भट्टीत घालायची. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. पुढे मी तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलं आणि अभ्यासक्रमात नसताना हेही शिकवलं. पोरं हसायची. मी चिडायचो.

आणि एवढं सगळं करून, एक मोळी मीच न झोडता टाकली. तिच्यापायी शंभर वर्षांचं देऊळ पेटलं.

देऊळ म्हणजे चर्च. आमच्या गावात, शिंदखेड्याच्या रस्त्याला, मिशनचं जुनं आवार आहे. त्यात काळ्या दगडाचं, उतरत्या कौलारू छपराचं, पुढे चौकोनी मनोऱ्याचं हे चर्च. गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. खानदेशातलं सगळ्यात जुनं, असं इथली मंडळी सांगते. नंदुरबारकडची मंडळी म्हणते, छे, आमचं. गावात त्याला सगळेच मोठं देऊळ म्हणतात, हिंदूही आणि ख्रिश्चनही. आम्ही काही त्या धर्माचे नाही. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे. पण आमच्या परसाची भिंत आणि त्यांच्या आवाराची भिंत एकच. मी शिकलो त्यांच्या शाळेत. दुष्काळात आमच्या आईने पाणी भरलं त्यांच्या विहिरीवर, आणि भरताना कुणी तिला एक शब्द विचारला नाही. त्याची आठवण म्हणून वडिलांनी एक रीत पाडली. दर जानेवारीत चर्चमध्ये पिकाचा सण असतो, लोक शेतातलं पहिलं काहीबाही आणून देवापुढे ठेवतात. कुणी ज्वारीची कणसं, कुणी केळीचा घड. त्या दिवशीचं जेवण आमच्याकडून. आमच्या मळ्यातली वांगी, आमच्या काड्या, आणि भरीत करणार आम्ही. वडिलांनंतर ते माझ्याकडे आलं. देवळामागच्या मोकळ्या जागेत मी भट्टी लावायचो, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळायच्या, आणि दोनशे माणूस जेवून जायचं. वर्षातल्या कुठल्याही सणापेक्षा मला तो दिवस जास्त आवडायचा, हे बायकोला आवडायचं नाही.

त्या वर्षी सकाळपासून लाईट नव्हती. माइक बंद. पाळकसाहेबांना उघड्या गळ्याने बोलावं लागलं आणि त्यांचा घसा बसला. एरवी तासभर चालणारं प्रवचन पंधरा मिनिटांत आटोपलं. इकडे माझी निम्मी वांगी भाजायची बाकी, आणि तिकडून भुकेली मंडळी बाहेर पडायला लागली. माझं डोकं फिरलं. त्यात एक म्हातारा जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय भाऊ, यंदा उशीर?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भट्टी मंदावली होती. भिंतीला टेकवलेली शेवटची मोळी उचलली, झोडायला वर केली, आणि म्हटलं, जाऊ दे. तशीच आत टाकली.

जाळ भसकन वर आला. वांगी झकास भाजली जातील म्हणून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. कापसाचे पाच-सहा पुंजके पेटून वर उडाले. बाकीचे हवेतच काळे पडले, पण एक तसाच लाल राहिला, वाऱ्यावर चढत चढत देवळाच्या पागोळीपाशी गेला आणि कौलाखाली दिसेनासा झाला. मी तो नीट पाहिला. विझला असेल म्हटलं, आणि वांगी उलटायला खाली वाकलो.

कौलांखाली चिमण्यांची घरटी होती. किती वर्षांची कोण जाणे. आमच्याकडच्या चिमण्या घरटं करतात ते कशाचं? कापसाचंच.

पहिल्या पंगतीला पान वाढून होत होतं तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवळातून धूर येतोय. मी वर पाहिलं. धूर कौलांच्या फटीफटीतून येत होता, शांतपणे. मग आत काहीतरी धडाडलं आणि छपराच्या मधोमध जाळ बाहेर आला. नशीब एवढंच की सगळे बाहेर जेवायला बसलेले होते. आत होता फक्त हार्मोनियम आणि देवापुढे मांडलेलं पीक. लोक ताटं टाकून उठले. विहिरीपासून माणसांची रांग लागली, बादल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. बाजारपेठेतून मुसलमान पोरं आली, आमच्या आळीतली आली. मारवाडी शेठजींनी त्यांच्या गोदामाजवळ उभा असलेला पाण्याचा टँकर स्वतः बसून आणला. कौलं तापून फटाफट फुटत होती आणि तुकडे खाली पडत होते, त्यामुळे जवळ जाता येत नव्हतं. वेदीच्या वर एक गोल रंगीत काच होती, निळ्या आणि पिवळ्या तुकड्यांची. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेला मी प्रार्थना सोडून तिच्याकडेच बघत बसायचो. ती तडकली आणि आत कोसळली. आवाज फार मोठा झाला नाही. धुळ्याहून आगीचा बंब आला तोवर वेदीकडचं अर्धं छप्पर आत बसलं होतं.

दुपारी तीनपर्यंत सगळं शांत झालं. भिंती उभ्या होत्या, मनोरा आणि घंटा शाबूत होती, मनोऱ्याकडचं निम्मं छप्पर काळं होऊन का होईना, जागेवर होतं. माझी भट्टी कुणीतरी बादली ओतून विझवली होती. तिच्यात भरताची वांगी तशीच फुगून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी पंचनाम्याला आला. फाटकाबाहेर अर्धा बाजार जमलेला. तलाठ्याने वही उघडली आणि विचारलं, आग कशाने लागली? मी पुढे झालो. खरंच झालो, एक पाऊल टाकलंही. पण दुसरं पडलं नाही. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "शॉर्टसर्किट."

अक्का म्हणजे आमच्या शाळेतल्या जुन्या बाई. वय ऐंशीच्या पुढे. लग्न केलं नाही, सगळा जन्म त्या आवारात गेला. देवळाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. शाळेत शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या आणि आम्ही अहिराणीत तोंड उघडलं तर हातावर छडी द्यायच्या. आता म्हातारपणी स्वतःच पूर्ण अहिराणीवर आल्या आहेत. सगळ्या पंचक्रोशीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. तलाठ्याने लिहून घेतलं. पाळकसाहेबांनी मान हलवली. कमिटीचे पंच म्हणाले, हो, वायरिंग जुनंच होतं. शेठजी म्हणाले, जुन्या वायरिंगचा भरवसा नाही.

लाईट सकाळपासून नव्हती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, माइकशिवाय सभा झाली होती. मला वाटलं, धक्क्याने सगळे विसरले. माझ्यासारखा शहाणा मीच.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. मोळी, कापूस, पागोळी, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आत्ता जा आणि सांगून या."

"उद्या जातो."

"उद्या कशाला? भिंतीपलीकडे तर जायचंय."

मी उद्या गेलो. पाळकसाहेब अंगणात बसून राखेतून काढलेली पुस्तकं निवडत होते, त्यांचा घसा अजून बसलेला होता. मला बघून ते खाटेवर सरकले, बसा म्हणाले, चहा मागवला. इतक्या प्रेमाने कुणी चहा मागवला की खरं कसं सांगायचं? चहा प्यालो आणि म्हणालो, "छताचं काम मी करून देतो. मजुरीचं नाव काढायचं नाही." पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मी तिथून पळून आलो असंच म्हणायला पाहिजे. बायकोने दारातच विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं. काय सांगितलं ते तिने विचारलं नाही, पण माझ्याकडे बघून तिला कळलं. त्या रात्री मला ताटात फक्त खिचडी मिळाली.

कमिटीचं म्हणणं होतं, पत्रा टाकू. मी बैठकीत उठून उभा राहिलो. म्हटलं, वैशाखात आमच्याकडे पाखरू उडताना खाली पडतं आणि तुम्ही त्या दगडी भिंतींवर पत्रा घालणार? माणसं प्रार्थनेला बसतील की भाजायला? "भाजायला" हा शब्द तोंडातून गेला आणि माझा मलाच चटका बसला. पण कुणी काही म्हटलं नाही. उलट पंच म्हणाले, भाऊ, तुम्ही म्हणाल तसं. मला त्यांचा रागच आला. माणसाने थोडा तरी विरोध करावा.

छपराचा भार तोलणाऱ्या मोठ्या लाकडी त्रिकोणांना आम्ही कैच्या म्हणतो. देवळात त्या सात होत्या, अस्सल सागवानाच्या, एवढ्या जाड की कवेत मावायच्या नाहीत. तीन पार कोसळल्या होत्या. उरलेल्या चार काळ्याकुट्ट. पाहणारा प्रत्येक जण म्हणत होता, कोळसा झालाय, पाडा. मी परांचीवर चढलो, पटाशी लावली आणि खरवडायला सुरुवात केली. एक बोट काळं. दीड बोट. आणि मग पटाशीखाली पिवळं लाकूड लागलं. सोनेरी पिवळं, आणि वास असा की शंभर वर्षांपूर्वी कापलेलं लाकूड नाही, काल कापलंय. जाड सागवान असंच असतं, वरून जळतं आणि जळालेली सालच आतल्याला राखते. हे मी पोरांना तीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं, पण हाताने कधी बघितलं नव्हतं. मी वरूनच ओरडलो, "आतून चांगलं आहे!" खाली अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "मले माहीत शे."

त्या रोज येऊन बसायच्या. मी काय करतो, कसं करतो, बघायच्या. काम नीट नसलं की बोलायच्या. सातवीत हात वर करून चुकीचं उत्तर दिल्यावर जसं वाटायचं तसं मला साठीनंतर वाटायला लागलं.

तीन नव्या कैच्यांना सागवान कुठून आणायचं हा प्रश्न होता. तसलं लाकूड आता वखारीत मिळत नाही. माझा एक जुना विद्यार्थी पाचोऱ्याला आहे, त्याने फोन केला की तिथे एक जुनी जिनिंग पाडताहेत आणि तिच्या तुळया सागवानाच्या आहेत. मी पहिल्या गाडीने गेलो. कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या तुळया, कापसाने जळालेल्या देवळासाठी. हे माझ्या एकट्याच्याच लक्षात आलं असं मला वाटलं, आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून मी धुळ्यापर्यंत मागे वळून त्या तुळयाच बघत राहिलो. कौलं जामनेरकडच्या एका पाडलेल्या शाळेची मिळाली. तीही जुनीच, पण वाजवून पाहिली तर एकही फुटका आवाज नाही.

आणि हेही सांगितलं पाहिजे. ते दहा महिने मी फार सुखात होतो. निवृत्त झाल्यापासून मी नुसता घरात वाढलेल्या गवतासारखा होतो. बायकोच्या पायात पायात यायचो, भाजी कशी चिरायची ते तिला सांगायचो. आता पहाटे उठून डबा घेऊन भिंतीपलीकडे जायचो. आमच्या आयटीआयची चार-पाच जुनी पोरं सुट्टीच्या दिवशी येऊन मदत करायची, आता तीच पोटं सुटलेले बाप झालेत, पण माझ्यासमोर अजून करवत नीट धरतात. कैचीचं शेवटचं कूस खोबणीत ठोकलं आणि ते "टक" करून बसलं, तेव्हा पोरं वरूनच टाळ्या वाजवायला लागली. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी त्यांना शिव्या दिल्या.

पण मंडळीतलं कुणी चांगलं बोललं की जीव अर्धा व्हायचा. एक बाई रोज ताक आणून द्यायची आणि म्हणायची, "भाऊ, तुमच्याइतकं मनापासून दुसरं कोण करणार?" तिच्या तोंडावर काही वाकडं दिसतंय का ते मी बघायचो. काही दिसायचं नाही. पाळकसाहेब प्रार्थनेत माझं नाव घ्यायला लागले. मी त्यांना म्हटलं, नका घेऊ. ते म्हणाले, का? मी म्हटलं, आमच्या खंडोबाला राग येतो. ते पोट धरून हसले. दर रविवारी मी ठरवायचो, या रविवारी सांगायचं. रविवारी घंटा झाली की मला मळ्यात काम निघायचं.

बायको महिनोन्‌महिने एकच वाक्य बोलत राहिली. "छत उभं करून होईल तुमचं, पण हे सांगून होणार नाही."

डिसेंबरात शेवटचं कौल चढलं. गोल खिडकीत साधी पांढरी काच बसवली, कारण तसल्या रंगीत काचा करणारा कुणी सापडला नाही. ठरलं की पिकाच्या सणालाच देऊळ पुन्हा उघडायचं. आणि एक दिवस पाळकसाहेब पत्रिका घेऊन घरी आले. मी चष्मा लावून वाचली. कार्यक्रमात खाली छापलं होतं, देवळाच्या जीर्णोद्धाराबद्दल शेजारी बंधूंचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार.

चोरी मी केली आणि पंचांनी मलाच हार घालायचा, असा प्रकार. पाळकसाहेब गेल्यावर बायकोने पत्रिका वाचली, घडी केली आणि देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाली, "शाल घेणार असाल तर मी येत नाही. सांगणार असाल तर पहिल्या रांगेत बसते."

सत्काराच्या आधी आठ दिवस मला झोप लागली नाही. सांगितलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर यायचं. ताक देणारी बाई तोंड फिरवेल. मंडळीतल्या मुलांना कळेल की भिंतीपलीकडच्या माणसाने त्यांचं देऊळ जाळलं आणि वर्षभर गप्प बसला. वडिलांची रीत माझ्या हातून बुडेल. आणि नाही सांगितलं तर मरेपर्यंत ती शाल कपाटात राहील. एकदा वाटलं, आजारी पडावं. ताप आला का ते रोज बघत होतो, पण तब्येत ठणठणीत.

सणाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं. मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहिलं की जुन्या चार कैच्या काळपट आणि नव्या तीन पिवळ्या, असं दिसत होतं. रंग द्यायचा आग्रह होता, मी देऊ दिला नव्हता. बायको पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिच्या शेजारी अक्का. पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलून मला वर बोलावलं आणि शाल उलगडली. मी म्हटलं, "साहेब, थांबा. आधी मला बोलू द्या."

माइक हातात घेतला आणि लक्षात आलं की आठ दिवस पाठ केलेलं एकही वाक्य आठवत नाही. मग जसं आलं तसं बोललो. म्हटलं, शॉर्टसर्किट झालंच नव्हतं. आग माझ्या भट्टीतून लागली. मोळी झोडायची असते, हे मला माहीत होतं. घाईत झोडली नाही. पेटता कापूस कौलाखाली जाताना मी या डोळ्यांनी बघितला आणि वांगी उलटत बसलो. दुसऱ्या दिवशी तलाठी आला तेव्हा सांगणार होतो, भ्यालो. मग रोज भीत राहिलो. हे देऊळ मी जाळलं. शाल मला नको. तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेतो.

वर कैचीवर एक चिमणी फडफडली. मी मान खाली घातली.

पहिल्या रांगेतून अक्कांचा आवाज आला, "माहीत शे. बठ्ठासले माहीत शे. बस खाले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मंडळीकडे पाहिलं. ताक देणारी बाई खाली बघून पदर तोंडाला लावत होती. पंच खाकरले. पाळकसाहेब शाल धरून उभे होते, हात खाली केला नव्हता. त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी म्हणालो, "सगळ्यांना माहीत होतं? मग अक्का, वर्षभर कुणी बोललं कसं नाही?"

"तुले तवयच सांगी देतूत," अक्का म्हणाल्या, "ते छत कोन करता?"

पहिल्यांदा मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. पाळकसाहेब हसता हसता पुढे आले आणि माझ्या खांद्यावर शाल टाकलीच. बायकोही हसत होती. मी मात्र रडत होतो, माइक हातात घेऊन, साठी उलटलेला माणूस. मला त्या दिवशीचा पंचनामा आठवत होता. फाटकाबाहेर अर्धा बाजार उभा होता. तेव्हा मी बोललो असतो, तर भिंतीपलीकडच्या हिंदूने ख्रिश्चनांचं देऊळ पेटवलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचली असती, आणि भरीत, मोळी, कापूस वाटेतच गळून गेलं असतं. मला हे वर्षभर सुचलं नव्हतं. त्या ऐंशी वर्षांच्या बाईला ते तलाठ्याने प्रश्न विचारला त्याच क्षणी सुचलं होतं. जन्मभर आम्हाला खरं बोलायला शिकवलेली बाई अर्ध्या गावादेखत खोटं बोलली होती.

खाली उतरून मी त्यांच्या पायांशी वाकलो. म्हटलं, "अक्का, माझ्यापायी तुम्हाला तलाठ्यापुढे खोटं बोलावं लागलं."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने माझ्या डोक्यावर हलकी चापट मारली.

"खोटं मी बोलनू," त्या म्हणाल्या. "तू कसाले रडस?"